कान चिरलेला मेंढा

युद्ध सुरू झालं आणि मला घरी पाठवण्यात आलं. हे वाक्य मी आजवर ज्याला सांगितलं, त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटला : काहीतरी भानगड असणार. गावात तर हा भाव लपवायची तसदीही कुणी घेतली नाही.

भानगड काही नव्हती. मी हवाई दलात विमान चालवायला शिकत होतो. वय एकवीस. आधी पंख्याचं छोटं विमान झालं, मग जेट झालं, परीक्षा झाल्या, आणि आता आमची वाटणी व्हायची होती. कुणी लढाऊ विमानावर जाणार, कुणी मालवाहू विमानावर, कुणी हेलिकॉप्टरवर. ही वाटणी वरचे साहेब करतात, आपण फक्त पसंती लिहून द्यायची. मी पहिल्या पसंतीत लढाऊ लिहिलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची जागा कोरी ठेवली. त्याबद्दल बोलणीही खाल्ली. तेवढ्यात कारगिलला लढाईला तोंड फुटलं. आम्हाला शिकवणारे काही साहेब आठवडाभरात दिसेनासे झाले, वाटणी लांबली, आणि आम्हाला सांगितलं गेलं की घरी जा, बोलावलं की या, कुठं फोन करायचा तो नंबर लिहून द्या.

आमच्या गावात फोन नव्हता. गाव कनेरगाव नाक्यापासून चार किलोमीटर आत. नाक्यावर एका ढाब्याला लागून एसटीडीची टपरी होती आणि तिचा नंबर मला पाठ होता, कारण शाळेपासून घरी निरोप द्यायचा तर मी तिथंच फोन करायचो. तोच नंबर मी लिहून दिला. माझ्या शेजारी बसलेल्या दिल्लीच्या मुलानं विचारलं, हा तुमच्या घरचा नंबर का? मी हो म्हणालो. एवढं काय समजावून सांगत बसायचं.

नाक्यावर एसटीतून उतरलो तेव्हा आमच्याच गल्लीतला एक जवान तिथं उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत उभा होता. तो पायदळात होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याची रजा रद्द झाली होती. कपाळभर कुंकू, गळ्यात हार, भोवती त्याची आई आणि अर्धी गल्ली. मला बघून त्यानं कडक सॅल्यूट ठोकला आणि हसत म्हणाला, "काय साहेब, आमी तिकडं चाललो आन् तुमी इकडं येऊन राहिले?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्याआधी गावात पोचलं.

आमचं घर मेंढरंवाल्याचं. थोडं कोरडवाहू शेत आणि साठ-सत्तर मेंढरं. सातवीत असताना एका गुरुजींनी मला सैनिकी शाळेच्या परीक्षेला बसवलं, मी पास झालो, आणि तिथून पुढचं सगळं एकातून एक होत गेलं. घरच्यांना त्यातलं जेवढं कळलं तेवढं कळलं. बा लोकांना सांगायचा, "पोरगं इमान शिकून राहिलं," जसं दुसऱ्या कुणाचं पोरगं शिवणकाम शिकतं. त्याला अभिमान नव्हता असं नाही. पण अभिमानानं मेंढरं चरत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्यानं काठी माझ्या हातात दिली.

माझे दिवस ठरल्यासारखे जाऊ लागले. साडेचारला आपोआप जाग यायची. मग नाक्यापर्यंत पळत जायचं आणि पळत यायचं. गावची कुत्री पहिले चार दिवस मागं लागली, पाचव्या दिवशी त्यांनी नाद सोडला. गावच्या माणसांना मात्र वेळ लागला. बैल घेऊन निघालेला एखादा शेतकरी वाटेत थांबवून विचारायचा, "कोनी मेलं का रं? पळून काहून राहिला?" परत आलो की न्हाणीच्या दगडाशी आरसा टेकवून दाढी करायची. बाला हे सर्वांत जास्त खटकायचं. "मेंढरं काय तोंड बघत न्हाईत," तो म्हणायचा. मी म्हणायचो, सवय मोडली तर परत लागत नाही. खरं कारण दुसरं होतं. दाढी वाढली असती तर मी खरोखर घरी बसलेला माणूस दिसलो असतो.

मग दुपारपर्यंत माळावर. मे महिना, गवताचं नाव नाही. मेंढरं जमिनीला तोंड लावून काय खात होती ते त्यांनाच ठाऊक. त्या दिवसांत पेरणीआधी शेतकरी आमच्या कळपाला आपल्या शेतात बसवून घेतात, लेंड्यांचं खत पडतं म्हणून. त्यामुळे कळपाचा मुक्काम आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. दुपारी ऊन चढलं की नाल्याकाठी करंजीच्या सावलीला मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहायची आणि मी माझं काम सुरू करायचो.

माझं काम म्हणजे बसल्या जागी विमान चालवणं. आम्हाला तसं शिकवलेलं असतं. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि सगळी उजळणी हातांनी करायची : पट्टे आवळले, इंधन बघितलं, डावा हात थ्रॉटलवर, उजवा दांडीवर, पाय पेडलवर. एक जरी गोष्ट मागंपुढं झाली तर पुन्हा पहिल्यापासून. खुर्ची नव्हती म्हणून मी दगडावर बसायचो आणि मेंढरांची काठी दोन गुडघ्यांत उभी धरायचो. तोंडानं एकेक गोष्ट इंग्रजीत म्हणायचो. वळण घ्यायचं तर अंग कलतं करायचो. उतरताना मान लांब करून धावपट्टी बघायचो, म्हणजे समोरचा नाला.

एके दिवशी डोळे उघडले तर समोर गावातले एक म्हातारे बाबा पाण्याचा तांब्या घेऊन उभे. बराच वेळ बघत असावेत. ते वळले आणि चालू लागले. संध्याकाळी घरी आलो तर माय दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन बसलेली. बाबांनी गावभर सांगितलं होतं की पोराला तिकडं काहीतरी लागलंय, म्हणूनच घरी पाठवलं. तो नाल्यात बसून काठीशी इंग्रजी बोलतो. मी घसा कोरडा होईतो समजावलं. माय ऐकून घेत होती आणि मीठ-मोहऱ्या ओवाळत होती.

चार वाजता कळप बाच्या ताब्यात देऊन मी नाक्यावर जायचो. फोन आला तर चार ते पाचच्या दरम्यान येईल, असं आम्हाला सांगितलेलं होतं. टपरीवाला माझ्यावर फार खूश होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या टपरीवर सरकारी फोन येणार होता. त्या तासात तो दुसऱ्या कुणाला फोन लावू द्यायचा नाही. हिंगोलीला मालाचा भाव विचारायला आलेली माणसं, ढाब्यावरचे ट्रक ड्रायव्हर, सगळ्यांना हात आडवा करायचा. "अभी नहीं. लाइन साहेबांची हाय. लढाईचा फोन हाय." लोक माझ्याकडं बघायचे. मी धुळीनं भरलेल्या पायांनी, खांद्यावर काठी घेऊन बाकड्यावर बसलेलो. कुणाचाच विश्वास बसायचा नाही, पण लढाई म्हटल्यावर कुणी वादही घालायचं नाही. पाच वाजले की टपरीवाला माझ्याइतकाच खट्टू व्हायचा. "कल पक्का," म्हणायचा. असे कितीतरी कल गेले.

परत येताना पारावरची माणसं हटकायची. आला का फोन? न्हाई? आता तर लढाई संपायला आली, मग कधी बोलावतात? एकानं तर सरळ विचारलं, "खरं सांग, नापास झाला व्हय?" मी त्याच्याशी भांडलो. माझा राग नाकावरच असतो, तेव्हा तर जास्तच होता. खरं म्हणजे रात्री अंथरुणावर पडलो की मीही स्वतःला तेच विचारायचो. कोऱ्या ठेवलेल्या त्या दोन जागा मला दिसायच्या. मी फार शहाणपणा केला होता का?

संध्याकाळी घरी रेडिओ लागायचा. बा बातम्या ऐकायचा तो डोळे मिटून, शेजारी ऐकायचे ते उभ्यानं. माय काम करता करता ऐकायची. तोवर तिनं मला माझ्या विमानांबद्दल काहीच विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी ती ज्वारी पाखडत होती आणि मी सहज वाटणीचं बोललो. तिनं सूप थांबवलं.

"लढाऊ म्हंजे कोनतं रं?"

मी सुपातले तीन खडे उचलून तिच्यापुढं मांडले. हा मोठा खडा मालवाहू, यात सामान आणि माणसं जातात. हा हेलिकॉप्टर, एका जागी उभं राहतं. आणि हा बारका लढाऊ, सगळ्यांत जोरात पळतो.

"आन् त्या बारक्यात किती मान्सं बसत्यात?"

"एक."

"एकच? आन् सोबतीला?"

"कुनी नसतं, माय. जागाच न्हाई त्याच्यात."

ती त्या खड्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मेंढरामागंबी आपन एकलं जात न्हाई. दोघं जातो. लांडगा आला, पाय मोडला, साप डसला, तर घरी येऊन सांगाया तरी कुनी पायजे."

"तिथं लांडगे नसतात," मी हसून म्हणालो.

"मग रेडुवर ते काय सांगून राहिले?"

रेडिओवर त्याच आठवड्यात आपलं एक विमान परत न आल्याची बातमी लागली होती. मी म्हणालो, ते युद्ध आहे, असं चालायचंच. तिनं तिन्ही खडे उचलून अंगणात फेकले आणि पुन्हा पाखडायला लागली. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं सोडायच्या आधी माय कळपात शिरली आणि दोन-अडीच महिन्यांचं एक नर कोकरू धरून बाहेर आली. पांढरं, डोळ्याभोवती काळं. मला म्हणाली, "धर ह्याला." मी त्याला गुडघ्यांत आवळून धरलं. तिनं त्याच्या उजव्या कानाचं टोक वस्तऱ्यानं चिरलं, रक्तावर हळद दाबली आणि सोडून दिलं.

आमच्याकडं नवसाची ही रीत आहे. नवस मनात बोलायचा आणि कळपातल्या एका कोकराचा उजवा कान चिरायचा. डावा कान मालकीच्या खुणेचा, उजवा देवाचा. त्या दिवसापासून ते कोकरू विकायचं नाही, पाहुणा आला म्हणून कापायचं नाही. काम झालं की त्याला माळावरच्या बिरोबापुढं न्यायचं आणि कंदुरी करायची, म्हणजे सगळ्या भावकीला मटणाचं जेवण घालायचं. काम झालं नाही तर मेंढा तसाच कळपात राहतो. आणि काय बोललो ते फिटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर देव मोकळा होतो.

त्यामुळे मी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही. आई पोरासाठी नवस बोलते तो पोराला हवं ते मिळावं म्हणून, यात समजायला काय अवघड आहे? मला लढाऊ विमान हवं होतं, कान चिरला गेला होता, मी माझ्याच हातांनी कोकरू धरलं होतं. मला भरून आलं. त्या दिवसापासून त्या कोकरावर माझा जीव जडला. बाभळीच्या शेंगा मेंढरांना फार आवडतात. मी काठीच्या आकड्यानं फांदी हलवून शेंगा पाडायचो आणि बाकीच्यांना हाकलून आधी त्याला खाऊ घालायचो. लंगडलं तर खांद्यावर घ्यायचो. बा म्हणायचा, "आरं, त्याला चारून चारून देवाचं पोट भरनार का?" मी म्हणायचो, भरलं तर बरंच आहे. देव खूश असलेला बरा.

पेरण्या झाल्या, कळप शेतातून निघून माळावर गेला. माळ हिरवा झाला तरी फोन आला नाही. बाकड्यावरची माझी जागा झिजली असेल. मग एका दुपारी, अजून चार वाजायचे होते, मी नाल्याकाठी दगडावर बसून धावपट्टीवर उतरत होतो, तेव्हा लांबून मोपेडचा आवाज आला. टपरीवाला चिखलातून मोपेड हाकत येत होता आणि एक हात उंचावून ओरडत होता, "साहेब! आया! फोन आया!" पाच वाजता ते परत लावणार होते. त्यानं टपरी उघडी टाकून चार किलोमीटर ती गाडी हाकली होती. बाला हाक मारून मी कळप त्याच्यावर सोडला आणि मागं बसलो. अर्ध्या वाटेत मोपेड बंद पडली, तेव्हा उतरून पळत सुटलो. रोजच्या पळण्याचा एवढा एक उपयोग झाला.

फोन एक मिनिटभर चालला. तिकडच्यानं माझा नंबर विचारला, खात्री केली, आणि कुणालाही सांगावं तसं सपाट आवाजात सांगितलं : लढाऊ. अमुक तारखेला अमुक ठिकाणी हजर व्हा. मी येस सर म्हणालो आणि फोन ठेवला. टपरीवाला माझ्या तोंडाकडं बघत होता. मी त्याला मिठी मारली. ढाब्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना त्यानं फुकट चहा पाजला, ज्यांना तो महिनोन्महिने फोन लावू देत नव्हता त्यांनाही.

घरी आलो तेव्हा माय चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारातूनच ओरडलो, "माय, झालं! लढाऊ मिळालं! आता नवस फेड. जायच्या आधी कंदुरी करू."

तिचे हात पिठात होते ते तिथंच थांबले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. मग तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "राहू दे त्येला कळपात."

"काहून? काम झालं की."

ती पुढची भाकरी थापायला लागली. बा दारात येऊन उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि खाली मान घालून बाहेर निघून गेला. तेव्हा मला कळलं. कळायला एवढा वेळ लागला याची आजही लाज वाटते. कान चिरला तो कोणत्या संध्याकाळच्या नंतर, हे मला ठाऊक होतं. तीन खडे मीच मांडले होते.

मला भयंकर राग आला. इतके दिवस मी ज्याची वाट बघत होतो, गावाची बोलणी ऐकत होतो, ते मिळू नये म्हणून माझ्याच घरात देवाला साकडं घातलेलं होतं. आणि ते कोकरू मी मांडीवर घेऊन चारलं होतं! मी म्हणालो, "तू माझ्या वाटंत देव उभा केलास."

"झाला का आडवा?" ती म्हणाली. "न्हाई ना? मग जा की. मी कुठं धरून ठेवलं?"

खरंच, तिनं एका शब्दानं मला जाऊ नको म्हटलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही नाही. निघायच्या दिवशी तिनं भाकरी, लसणाची चटणी बांधून दिली, नाक्यापर्यंत चालत आली, आणि गाडी सुटेपर्यंत उभी राहिली. मी तिच्याशी धड बोललो नाही. गाडीत बसल्यावर वाटलं होतं, उतरावं. उतरलो नाही.

नाक्यावर हसवून गेलेला जवान लढाईवरून धडधाकट परत आला. मी पुढं आठ वर्षं लढाऊ विमानं चालवली. त्याबद्दल इथं लिहीत नाही, ते सगळं दुसरंच जग आहे आणि ते मला फार आवडलं, एवढंच सांगतो. माझ्या बरोबरचे दोघं त्या वर्षांत गेले. युद्धात नाही, साध्या सरावात. घरी मी ते कधी सांगितलं नाही आणि मायनं कधी विचारलं नाही.

सुट्टीवर यायचो तेव्हा मेंढा कळपात असायचा. दर वर्षी थोडा मोठा, शिंगांना एकेक वळसा जास्त. दर ईदच्या आधी हिंगोलीचा व्यापारी यायचा, त्याच्याकडं बोट दाखवायचा, आणि माय म्हणायची, "त्यो देवाचा हाय." व्यापाऱ्याला कान दिसायचा, तो गप बसायचा. गावातल्या प्रत्येकाला तो कान दिसत होता. इतक्या वर्षांत कोणता नवस फिटत नाही, याचा अंदाज करायला काही फार डोकं लागत नाही. पण माझ्यासमोर कुणी बोललं नाही. पारावरची माणसं जगातल्या कशावरही बोलायची, त्या मेंढ्यावर नाही. पहिली दोन-तीन वर्षं मला तो दिसला की राग यायचा. नंतर सुट्टीवर आलो की मीच आधी कळपात जाऊन तो आहे ना, ते बघायला लागलो. तो आहे याचा अर्थ घरी सगळं जिथल्या तिथं आहे. माय अजून भिते आहे आणि मी अजून उडतो आहे.

मग माझी पाठ गेली. एकदम काही झालं नाही, मणक्यांचं दुखणं वाढत वाढत गेलं. लढाऊ विमानात धोक्याच्या वेळी खुर्चीच वैमानिकाला घेऊन बाहेर उडते. त्या धक्क्याला माझा मणका टिकणार नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं. विमान सुटलं नाही, पण लढाऊ सुटलं. मला मालवाहू विमानावर पाठवलं. मी वेड्यासारखा भांडलो, अर्ज केले, तपासण्या परत करून घेतल्या. उपयोग झाला नाही. शेवटी एका संध्याकाळी घरी फोन लावला. आता घरात मोबाइल होता, बा तो कमरेच्या पिशवीत ठेवायचा. मी मायला सांगितलं.

तिनं विचारलं, "सोबतीला मान्सं असत्यात का त्याच्यात?"

"असत्यात. आमी चौघं-पाचजन असतो."

"बरं," ती म्हणाली. "मनक्याला तेल लाव." आणि फोन बाच्या हातात दिला.

महिन्याभरानं रजेवर गेलो तर अंगणात चूल मांडायची तयारी चाललेली. मेंढा धुऊन, कपाळाला हळद लावून खुंट्याला बांधलेला. आता तो पार म्हातारा झाला होता. समोरचे दात पडलेले, गवत तोडता येत नव्हतं, म्हणून माय त्याला भिजवलेली भाकरी हातानं चारायची. आम्ही माळावर गेलो. भावकीतल्या वडीलधाऱ्या बाबांनी मेंढ्याचं तोंड उघडून बघितलं आणि मान हलवली.

"हा चालत न्हाई, बाई. देवाला जवान जनावर लागतं. म्हाताऱ्याला कोन देतं? दुसरं कोकरू आन."

"मी ह्योच बोलले व्हते," माय म्हणाली.

"आगं पन दात न्हाईत त्येला!"

"मी कान चिरला तवा दोन-अडीच महिन्याचं व्हतं. उशीर देवानं केला. आता देवानं चालवून घ्यावं."

बाबा बाजूला झाले. माय मला म्हणाली, "धर ह्याला." मी त्याला धरलं, पूर्वी धरलं तसंच. उजव्या कानाचं चिरलेलं टोक माझ्या बोटांना लागत होतं.

मटण शिजता शिजेना. दुपारची पंगत दिवस कलायला बसली. माणसं हसत होती, चावत होती, माझ्या पाठीवर थापा मारत होती, आणि मला रडू येत होतं. माझं लढाऊ विमान गेलं म्हणून ही सगळी जेवायला बसली होती. मला मांडी घालून बसताही येत नव्हतं, म्हणून मी लांब बाभळीखाली जाऊन उभा राहिलो.

माय हातात वाढायचं भगुणं घेऊन तिथं आली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी रडत होतो ते तिला दिसलं. खांद्यावरची घोंगडी काढून तिनं पंगतीच्या कडेला घडी घालून उंच केली, जिथं मला पाठ टेकवायला एक दगड होता.

"एकलाच काहून उभा हाईस?" ती म्हणाली. "चल, सगळ्यांत बस."

मी गेलो आणि बसलो.